रेडिएटरची चुंबळ

घरी बांधलेल्या किट कारमध्ये रेडिएटरचे वेगळे माउंट कसे निवडावेत, कसे लावावेत

मिशिगनमधल्या माझ्या गॅरेजमध्ये एका सकाळी गोडसर वास आला. पाक करपायला लागल्यावर येतो तसा. टॉर्च घेऊन गाडीखाली वाकलो, तर रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात हिरवट थेंब लोंबत होता. दोन हिवाळे खपून ही गाडी मी स्वतः बांधली होती आणि ती रस्त्यावर येऊन जेमतेम पाचशे मैल झाले होते. रेडिएटर नवा, होज नवे, क्लॅम्प नवे. मग गळतंय कुठून? टाकीला वेल्ड केलेल्या कानाच्या मुळाशी केसाएवढी चीर गेली होती. दोष रेडिएटरचा नव्हता, माझा होता. चारही बोल्ट मी इतके इमानदारीने आवळले होते की रेडिएटर आणि चॅसी एकजीव झाले होते. चॅसी पिळली की रेडिएटरही पिळायचा. पोलादाने ते सोसलं, ॲल्युमिनियमने नाही.

त्या दिवशी आजी आठवली. विहिरीवर जाताना ती डोक्यावर आधी चुंबळ ठेवायची, मग घागर. भार सगळा चुंबळीवर. एक हात वर असायचा तो नुसता तोल सांभाळायला. घागर डोक्याला बांधून टाकावी असं तिच्या कधी मनात आलं नसेल. रेडिएटरचं गणितही तेच. खाली भार पेलणारी मऊ गादी आणि वर तोल सांभाळणारा हात. या लेखातली सगळी मापं, पाने आणि भोकं शेवटी एवढ्याचसाठी आहेत: रेडिएटर आवळू नका, टेकवा.

किट कारचं नाक

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडायची गाडी. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन अशीच किटमध्येही मिळायची. सुट्या भागांवर तयार गाडीएवढा कर लागत नसे, म्हणून ती लोकप्रिय झाली. अमेरिकेत या छंदाचा सगळ्यात लाडका विषय आहे कोब्रा. कॅरोल शेल्बीने १९६२ साली इंग्लंडच्या एसी कंपनीच्या छोट्या, हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि ही गाडी जन्माला आली. मूळ कोब्रा हजाराच्या आसपासच बनल्या, त्यामुळे आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक प्रतिकृती असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅम गावची फॅक्टरी फाइव्ह ही कंपनी १९९५पासून अशी किट विकते आहे. जुन्या मस्टँगचं इंजिन, गिअरबॉक्स काढायचा आणि नळ्यांच्या नव्या चॅसीत बसवायचा, ही तिची मूळ कल्पना.

या घराण्याला गरम डोक्याचा आजार मुळापासून आहे. दोन लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनासाठी बेतलेल्या नाकातून आपण पाच लिटरच्या व्ही-८ला वारा पाजत असतो. पेट्रोलच्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कूलंटमधून बाहेर टाकावा लागतो. गाडीचं तोंड लहान आणि बॉनेट उतरतं, म्हणून रेडिएटर तिरका ठेवावा लागतो. तिरक्या रेडिएटरला आधार देणं उभ्यापेक्षा अवघड असतं, कारण त्याचं वजन पुढे किंवा मागे कलंडू पाहतं.

किटसोबत येणारी रेडिएटरची मांडणी बहुधा अगदी साधी असते: वर एखादा कोनपट्टीचा तुकडा, खाली एक पट्टी, बाकी बांधणाऱ्याची कल्पकता. गाडी चालते, पण वर्षभरात पट्टी घासते, रेडिएटर खडखडतो, जाळीला घट्टे पडतात. म्हणून वेगळे माउंट बनवून विकणाऱ्या छोट्या कंपन्या निघाल्या. त्यांच्या पाकिटात साधारणपणे खालचे दोन आधार, वरचे दोन कंस, रबरी गाद्या आणि बोल्ट एवढंच असतं. काम शनिवार-रविवारचं आहे. घाई केली तर पुढच्या चार शनिवारांचं.

माउंटचं काम काय?

रोजच्या वापरातल्या कुठल्याही कारखानी गाडीचं बॉनेट उघडा. रेडिएटरच्या खालच्या टोकांना दोन खुंट असतात आणि ते रबरी बुशात नुसते टेकलेले असतात. वर दोन कंस, तेही रबरासकट. कारखान्यांनी चुंबळीचा धडा केव्हाच गिरवला आहे. त्यामागे तीन कारणं आहेत.

पहिलं कारण उष्णता. ॲल्युमिनियम तापलं की दर अंश सेल्सिअसला दर मीटरमागे ०.०२३ मिलिमीटर वाढतं. तुमचा रेडिएटर सत्तर सेंटिमीटर रुंद असेल आणि तो २० अंशांवरून ९५ अंशांवर गेला, तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास रुंदावतो. पोलादाचं प्रसरण याच्या जवळजवळ निम्मं, शिवाय चॅसी तेवढी तापतही नाही. दोन्ही टोकं घट्ट बांधली तर हा सव्वा मिलिमीटर जाणार कुठे? तो वेल्डमध्ये जातो.

दुसरं कारण चॅसीचा पीळ. एक चाक फुटपाथच्या कडेवर चढलं की चौकट तिरकी होते. डोळ्याला दिसत नाही, पण पत्र्याच्या टाकीला कळतं.

तिसरं कारण कंप. चार स्ट्रोकच्या व्ही-८मध्ये क्रँकच्या एका फेऱ्याला चार स्फोट होतात. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर इंजिन शांत घुरघुरत असतं, तेव्हा सेकंदाला पन्नास ठोके पडतात. रेडिएटरच्या वजनाने खालची गादी दीड मिलिमीटर दबली, तर तिच्यावर तो सेकंदाला तेरा-पंधराच्या आसपास झुलू पाहतो. पन्नास आणि पंधरा यांच्यात पुरेसं अंतर असल्यामुळे ठोके गादीतच विरतात. गादी दगडासारखी कडक असेल तर हे अंतर मिटतं आणि जाळीच्या प्रत्येक नळीला तो कंप सोसावा लागतो.

विकत घेण्याआधी

पाकिटावर तुमच्या गाडीचं नाव आहे, एवढ्यावर भुलू नका. या गोष्टी टेप घेऊन मोजा:

• रेडिएटरची रुंदी, उंची आणि जाडी. टाक्या डाव्या-उजव्या आहेत की वर-खाली. कडेला वाकवलेली पट्टी आहे की वेल्ड केलेले कान.

• पुढे एसीचा कंडेन्सर किंवा ऑइल कूलर आहे का? असेल तर त्याचं वजनही याच माउंटवर येणार.

• पंखा कशाला लटकला आहे? पंखा, आवरण आणि कूलंट यांच्यासकट रेडिएटरचं वजन घरातल्या वजनकाट्यावर करा. माझ्याकडे ते १४ किलो भरलं. खड्ड्यात चाक आपटलं की क्षणभर याच्या तिप्पट भार येतो असं धरून चाला.

• अँटिरोल बार, स्टिअरिंगची रॅक, बंपरचे आधार आणि बॉनेटची बिजागरी यांच्या वाटेत कंस येतात का?

मग रबर बघा. ईपीडीएम रबर उष्णता आणि कूलंट चांगलं सोसतं, पण तेलाला दबतं. निओप्रीन दोन्ही बऱ्यापैकी सोसतं. साधं नैसर्गिक रबर नाकाजवळच्या उष्णतेत लवकर तडकतं. कडकपणा शोअर ए मापावर ४० ते ६०च्या दरम्यान असावा. पॉलियुरेथेनच्या रंगीत गाद्या दिसायला झोकदार असतात, पण सस्पेन्शनसाठी असलेली कडक गादी इथे चुंबळीऐवजी पाटा होते.

सगळ्यात महत्त्वाचं: रबरावर भार कोणत्या दिशेने येतो ते पाहा. दोन्ही बाजूंना बोल्ट असलेले गोल रबरी बॉबिन बाजारात भरपूर मिळतात आणि स्वस्तही असतात. दाबाखाली रबर वर्षानुवर्षं टिकतं. ताणाखाली मात्र धातूशी असलेला चिकटजोड सुटतो. ज्या किटमध्ये रेडिएटर बॉबिनला टांगलेला असतो, त्यात एका जोडावर सगळा भरवसा टाकलेला असतो. खाली टेकवणारं किट निवडा. टांगल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर जोड सुटला तरी रेडिएटर पडणार नाही अशी पोलादी पट्टी जोडीला हवीच.

हत्यारं आणि खबरदारी

पाने आणि सॉकेट, ड्रिल, सेंटर पंच, गोल कानस, पाणसाळ, गुण्या, पक्कड, मल्टिमीटर आणि जाड पुठ्ठा. नळीच्या चॅसीत आतून नट लावता येत नाही. तिथे रिव्हनट लागतील, म्हणून त्यांचं हत्यारही हवं.

गाडी सपाट जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना उटी लावा आणि पुढची बाजू जॅक-स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय कॅपला हात लावू नका. बॅटरीची ऋण तार सोडवा. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

जुनं कूलंट पसरट भांड्यात काढा आणि लगेच झाका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, लहान मुलंही. ते मोरीत किंवा गटारात ओतू नका. तुमच्या काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्या.

जाळीवर दोन्ही बाजूंनी पुठ्ठा चिकटपट्टीने लावून घ्या. निसटलेला पाना ॲल्युमिनियमच्या पात्यांची काय दशा करतो, ते एकदा पाहिलं की कोणी हा सल्ला हसण्यावारी नेत नाही.

पायरी पायरीने

१. आधी पुठ्ठ्याचा रेडिएटर. रेडिएटरच्या मापाचा पुठ्ठा कापा आणि नाकात हव्या त्या तिरपेपणात उभा करून पाहा. शक्य असेल तर फायबरची बॉडी वर ठेवूनच पाहा. बॉडीशिवाय छान बसलेला रेडिएटर बॉडी चढवताना आडवा येणं हा किट कारवाल्यांचा नेहमीचा अनुभव आहे. आजूबाजूच्या कठीण भागांपासून किमान १० ते १२ मिलिमीटर जागा सुटली पाहिजे.

२. मध्यरेषा पक्की करा. चॅसीच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या बिंदूंपासून मापं घेऊन मध्य खुणेने पक्का करा. घरी बांधलेल्या गाडीत डावं-उजवं पाच मिलिमीटरनी वेगळं असू शकतं. डोळ्याला सरळ दिसेल तेच सरळ धरा, कारण जाळीतून आत पाहणाऱ्याला मापं दिसत नाहीत, तिरकेपणा दिसतो.

३. खालचे आधार. ते आधी शिकंज्याने तात्पुरते धरा, गाद्या ठेवा आणि रेडिएटर त्यांवर टेकवा. दोन्ही गाद्यांवर सारखा भार येतोय का पाहा. गादीखाली कागदाचा तुकडा सरकवून ओढा. एकीकडे सहज निघाला आणि दुसरीकडे अडकला तर आधार वर-खाली करा. १२ मिलिमीटरची गादी रेडिएटरच्या वजनाने सव्वा ते पावणेदोन मिलिमीटर दबावी. अजिबात दबली नाही तर गादी फार कडक, तीन मिलिमीटरच्या पुढे गेली तर फार मऊ.

४. भोकं पाडणं. खूण, सेंटर पंच, आधी बारीक बिट, मग पूर्ण मापाचं. एम-६च्या नेहमीच्या रिव्हनटला ९ मिलिमीटरचं भोक लागतं. तुमच्या रिव्हनटच्या पाकिटावर वेगळं माप असेल तर तेच पाळा. भोक सैल झालं तर रिव्हनट बोल्टबरोबर गरागरा फिरतं आणि मग ना आत जातं ना बाहेर येतं. ड्रिल करताना नळीच्या पलीकडे ब्रेकची किंवा पेट्रोलची नळी नाही ना, हे हाताने चाचपून पाहा. भोकाची बर कानसून काढा आणि उघड्या पोलादावर प्रायमर लावा.

५. एक बाजू ठाम, दुसरी मोकळी. खालच्या दोन खुंटांपैकी एक बुशात नेमका बसू द्या. दुसऱ्या बाजूच्या कंसात भोकाऐवजी आडवी खाच ठेवा, दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर जागा सुटेल अशी. आधी सांगितलेला सव्वा मिलिमीटर इथे मावतो. किटमध्ये दोन्हीकडे गोल भोकं असतील तर गोल कानस घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

६. वरचा हात. वरच्या कंसांनी वजन घ्यायचं नाही. रेडिएटर पुढे-मागे कलंडू नये आणि खड्ड्यात उसळून बुशातून सुटू नये, इतकंच त्यांचं काम. बोल्ट, त्यावर धातूची स्लीव्ह, स्लीव्हभोवती रबर अशी रचना हवी. स्लीव्ह रबराच्या जाडीपेक्षा फक्त एक मिलिमीटर आखूड ठेवा. बोल्ट आवळला की रबर तेवढंच दबतं आणि पुढचा जोर स्लीव्ह घेते. स्लीव्ह नसेल तर माणूस आवळत राहतो आणि रबराची पापडी होते. मी तेच केलं होतं, तेही रबराशिवाय. नट नायलॉक वापरा आणि एकदा काढलेला नायलॉक पुन्हा लावू नका.

७. धातूला धातू नको. पोलादी कंस आणि ॲल्युमिनियमची टाकी यांच्यामध्ये ओल आणि मीठ शिरलं की ॲल्युमिनियम गंजून पिठासारखं झडतं. आमच्या डेट्रॉइट शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठच मीठ असतं. कोकणकिनाऱ्याची खारी हवा ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना जास्त सांगायला नको. रबर, नायलॉनचे वॉशर आणि बोल्टच्या आट्यांवर गंजरोधक ग्रीस, ही तिन्ही वापरा.

८. पंखा. प्लॅस्टिकच्या पिना जाळीतून आरपार घालून पंखा बसवण्याची सोपी पद्धत आहे. ती टाळा. त्या पिना कंपाने नळ्यांना करवतीसारख्या घासतात. पंखा त्याच्या आवरणावर आणि आवरण टाक्यांच्या पट्टीवर बसवा. पंखा वीस-पंचवीस अँपिअर ओढू शकतो. रिले आणि फ्यूज हवेतच. त्याची ऋण तार सरळ चॅसीच्या चांगल्या जोडाला न्या. रेडिएटरला कधीही नको.

९. होज. व्ही-८ला एकदम रेस दिली की ते स्वतःच्या रबरी माउंटवर एका अंगाला झुकतं. होजला तेवढा ढिलेपणा नसेल तर दर वेळी रेडिएटरची मान ओढली जाते आणि तुम्ही मन लावून बसवलेली चुंबळ वाया जाते. लांब होज किंवा धातूची नळी असेल तर तिचं वजन चॅसीवर रबरी क्लिपने धरा. क्लॅम्प मानेच्या कंगोऱ्याच्या मागे बसू द्या.

१०. फटी बुजवा. नवे माउंट लावले की रेडिएटर थोडा सरकतो आणि कडेने नव्या फटी पडतात. ७० बाय ४० सेंटिमीटरच्या रेडिएटरभोवती फक्त एक सेंटिमीटरची फट ठेवली तर ती २२० चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे जाळीच्या क्षेत्रफळाच्या आठ टक्के. वारा पाण्यासारखाच सोप्या वाटेने पळतो. दाट जाळीतून घुसण्यापेक्षा त्याला ही फट बरी वाटते. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्याच्या कडेला मऊ फोमची पट्टी लावून वाऱ्याला जाळीतूनच जायला भाग पाडा. पत्रा रेडिएटरला टेकू देऊ नका, फोम टेकू द्या.

कूलंट भरणं आणि हवा काढणं

अर्धं डिस्टिल्ड वॉटर आणि अर्धं अँटिफ्रीझ. नळाच्या पाण्यातले क्षार आतून थर धरतात. हे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही, म्हणजे इथल्या गॅरेजमधला हिवाळाही निभावतो. कॅपचा दाब तपासा. दाब दर चौरस इंचाला एका पौंडाने वाढला की उकळबिंदू सुमारे तीन अंश फॅरनहाइटने वर जातो; १६ पौंडांच्या जागी सैल पडलेली कॅप म्हणजे हे सगळं संरक्षण गेलं.

कोब्रा धाटणीच्या गाडीत खरी गोम उंचीची असते. रेडिएटर इंजिनपेक्षा खाली असतो. कॅप जर रेडिएटरवरच असेल, तर इंजिनात अडकलेली हवा तिथून बाहेर पडतच नाही. म्हणून बरेच जण वरच्या होजमध्ये सगळ्यात उंच जागी भरण्याचं तोंड बसवतात किंवा उंचावर विस्तार टाकी लावतात. नव्या माउंटमुळे रेडिएटर वीस मिलिमीटर जरी वर-खाली झाला असेल, तरी सगळ्यात उंच बिंदू कोणता, हे पाणसाळ लावून पुन्हा बघा.

गाडीचं नाक थोडं उचलून ठेवा, कॅप उघडी ठेवा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर करा आणि इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल, भरत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत होज हाताने हलके दाबत राहा, पण पंख्यापासून बाही दूर ठेवा. मग कॅप लावा आणि इंजिन पूर्ण थंड झालं की पातळी पुन्हा बघा.

दाबाच्या चाचणीचा पंप अमेरिकेत सुटे भाग विकणाऱ्या अनेक दुकानांत अनामत ठेवून उसना मिळतो. कॅपएवढा दाब भरा आणि पंधरा मिनिटं काटा हलतो का ते पाहा.

आता मल्टिमीटर. काळं टोक बॅटरीच्या ऋण खांबाला लावा आणि लाल टोक कूलंटमध्ये बुडवा, धातूला न टेकवता. ही चाचणी इंजिन थंड असताना, कॅप उघडून, पंखा आणि दिवे चालू करून करा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त आलं तर एखाद्या उपकरणाची वीज परतीसाठी कूलंटची वाट धरते आहे. अशी भटकी वीज ॲल्युमिनियमला आतून पोखरते. एकेक उपकरण बंद करत गेलात की चोर सापडतो.

पहिले शंभर मैल

गाडी रस्त्यावर नेण्याआधी पुढचं एकच चाक जॅकने उचला आणि रेडिएटरभोवतीच्या फटी पुन्हा मोजा. चॅसी पिळल्यावर कंस कुठे टेकत असेल तर तो इथेच सापडेल.

प्रत्येक नट आणि त्याच्या कंसावर रंगाची एक रेघ ओढून ठेवा; पहिल्या फेरीनंतर आणि मग शंभर मैलांनंतर ती पाहा. रेघ तुटली असेल तर नट फिरला आहे. गाद्या थोड्या बसतात, म्हणून वरच्या कंसांची उंची पुन्हा जुळवावी लागू शकते. जाळीवर, होजवर आणि पंख्याच्या आवरणावर चकाकणारे घट्टे शोधा. धातू कुठे घासतो ते धातूच सांगतो. गाडी ताशी ५० किलोमीटरच्या पुढे असताना तापत असेल तर दोष बहुधा फटींत किंवा वाऱ्याच्या वाटेत आहे. सिग्नलला उभी असताना तापत असेल तर पंख्याकडे बघा. माउंट बदलून तापणं आपोआप बरं होत नाही, पण नीट बसलेला रेडिएटर आणि बुजवलेल्या फटी असतील तर उरलेला दोष शोधणं सोपं जातं.

आणि महाराष्ट्रात?

भारतात घरी बांधलेली गाडी रस्त्यासाठी नोंदवणं फार कठीण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना आडवं येतं आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तरीही हा लेख वाचून हात शिवशिवणाऱ्यांची तिथे वाण नाही. इंदूरजवळच्या पिथमपूरला २००७पासून भरणाऱ्या बाहा एसएईइंडिया स्पर्धेला आणि फॉर्म्युला स्टुडंट धर्तीच्या स्पर्धांना महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन जातात. फॉर्म्युलाच्या गाड्यांत बऱ्याचदा चाकणच्या बजाज कारखान्यात बनणाऱ्या केटीएम ३९०चं एकच सिलिंडरचं इंजिन असतं. एका सिलिंडरचे ठोके व्ही-८पेक्षा किती तरी खडबडीत. तिथे रेडिएटर चिमुकला, कंस दोन बोटांचे, पण नियम तोच: खाली गादी, वर हात, एक बाजू ठाम आणि दुसरी मोकळी. शर्यतीच्या आदल्या रात्री प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी रेडिएटर बांधणाऱ्या मुलांना एवढंच सांगेन, की पट्टी आवळायच्या आधी तिच्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा तरी घाला.

मी तो चिरलेला कान वेल्ड करून घेतला आणि रेडिएटर नव्या माउंटवर बसवला. त्याला आता तीन उन्हाळे झाले. दर एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढायच्या आधी मी एक परीक्षा घेतो. तिला ना पाना लागतो ना मीटर. रेडिएटरची वरची कड तळहाताने पुढे ढकलायची आणि सोडायची. तो दोन-तीन मिलिमीटर मुकाट्याने हलतो आणि आपल्या जागी परत येतो. अजिबात हलला नाही तर काहीतरी आवळलं गेलं आहे. हलून खडखडला तर काहीतरी सुटलं आहे. तुम्हीही बॉडी चढवण्याआधी ही परीक्षा घ्या, कारण त्यानंतर तिथे हात पोचायला अर्धी गाडी उलगडावी लागते.